‘त्याला कळवळा आला’ : एका ग्रीक क्रियापदाचा अभ्यास, पायरीपायरीने

मराठी बायबलमध्ये ‘त्याला कळवळा आला’ हे शब्द इतक्या सहजपणे येतात, की डोळा तिथे थांबत नाही. तो पुढच्या चमत्काराकडे धावतो. कुष्ठरोगी बरा झाला, मेलेला मुलगा उठून बसला, पाच हजार जेवले. मीही कितीतरी वर्षं असंच वाचत होतो. मग एकदा मंडळीतल्या शास्त्रपाठासाठी लूकचा सातवा अध्याय तयार करताना मूळ ग्रीक शब्द शोधला आणि पुढचे तीन महिने त्या एका शब्दाबाहेर पडलो नाही.

तो शब्द म्हणजे ‘स्प्लांख्निझोमाई’. ग्रीक न येणाऱ्या मराठी वाचकालाही त्याचा नीट अभ्यास करता यावा, म्हणून मी वापरलेली पद्धत इथे क्रमाने मांडतो. एकदा ती हातात बसली की दुसरं कुठलंही क्रियापद असंच उलगडता येईल. पण सुरुवात याच शब्दाने करा, असं मी आग्रहाने सांगेन. कारण या शब्दाच्या बाबतीत मराठी माणसाला मातृभाषेचीच मोठी मदत होते.

लागणारं साहित्य थोडं आहे. एक मराठी बायबल, शक्य असेल तर दोन वेगवेगळी भाषांतरं, इंटरनेटवर फुकट मिळणारं ओळीखाली अर्थ दिलेलं ग्रीक नवा करार, आणि एक जाड वही. वही हवीच. मोबाइलवर वाचलेलं तिथेच राहतं.

पहिली पायरी : शब्द तोंडात बसवा

उच्चार आधी, अर्थ नंतर. ग्रीकमध्ये ‘ग’ आणि ‘ख’ ही अक्षरं अशी जोडून आली, की पहिल्याचा उच्चार नाकातून होतो. आपण ‘शंख’ म्हणतो तेव्हा ‘ख’च्या आधी जो आवाज निघतो, नेमका तोच. म्हणून ‘स्प्लाग्ख्’ असं न वाचता ‘स्प्लांख्’ म्हणा. स्प्लांख्‌–नि–झो–माई. जोर ‘नि’वर. पाचसात वेळा मोठ्याने म्हटलं की जड वाटत नाही.

शब्द शोधण्यासाठी स्ट्राँगचे क्रमांक वापरतात. जेम्स स्ट्राँग यांची शब्दसूची १८९० साली निघाली आणि तिच्यात मूळ भाषेतल्या प्रत्येक शब्दाला एक क्रमांक दिला आहे. आपल्या क्रियापदाचा क्रमांक ग्रीक ४६९७, आणि ज्या नामापासून ते तयार झालं त्या ‘स्प्लांख्नॉन’चा ४६९८. बायबलच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये हा क्रमांक टाकला की सगळ्या जागा समोर येतात. मात्र क्रमांकाशेजारी दिलेला एका ओळीचा अर्थ वाचून ‘समजलं’ म्हणू नका. ती नुसती खूणगाठ आहे. अर्थ कळतो तो वाक्यांतून.

दुसरी पायरी : बाराही जागा हाताने लिहून काढा

हे क्रियापद नव्या करारात फक्त १२ वेळा येतं आणि बाराही वेळा पहिल्या तीन शुभवर्तमानांत. योहानात ते नाही, पौलाच्या पत्रांतही नाही.

मत्तय : ९:३६, १४:१४, १५:३२, १८:२७, २०:३४
मार्क : १:४१, ६:३४, ८:२, ९:२२
लूक : ७:१३, १०:३३, १५:२०

वहीच्या पानावर चार रकाने आखा. कोणाला कळवळा आला? कोणाविषयी? त्याच्या आधी काय घडलं? लगेच नंतर काय घडलं? आता एकेक वचन उघडून भरत जा. नुसतं ते वचन पुरणार नाही, मागची आणि पुढची पाचपाच वचनं वाचा. याला दोन-तीन संध्याकाळी लागतील. लागू द्या.

पहिला रकाना भरून झाला की एक गोष्ट दिसेल. नऊ ठिकाणी हे क्रियापद येशूविषयी आहे. त्यातल्या मार्क ९:२२ मध्ये ते येशूला केलेल्या विनवणीत येतं. उरलेल्या तीन जागा येशूने सांगितलेल्या दाखल्यांतल्या आहेत : कर्ज माफ करणारा राजा, जखमी प्रवाशापाशी थांबलेला शोमरोनी (यहुदी ज्यांना परके मानत त्या शोमरोनातला माणूस), आणि उधळ्या मुलाचा बाप. उपदेशात पुष्कळदा ऐकू येतं की ‘हा शब्द फक्त येशूसाठीच वापरला आहे’. तसं नाही. पण या गोष्टींबाहेरच्या, चालत्याबोलत्या दुसऱ्या कोणा माणसाला हे क्रियापद शुभवर्तमानकारांनी लावलेलं नाही, हे मात्र खरं. शिष्यांनाही नाही. दाखल्यांतली ती तीन माणसं कोणाचं रूप दाखवतात, हा विचार तिथून आपोआप सुरू होतो.

तिसरी पायरी : क्रियापदाचं रूप पाहा

व्याकरण म्हटलं की पुष्कळजण पान उलटतात. इथे उलटू नका.

बारापैकी सहा ठिकाणी रूप आहे ‘एस्प्लांख्निस्थे’, म्हणजे ‘त्याला कळवळा आला’. चार ठिकाणी ‘स्प्लांख्निस्थेइस’, म्हणजे ‘कळवळा येऊन’. दोन ठिकाणी, मत्तय १५:३२ आणि मार्क ८:२ मध्ये, नुसतं ‘स्प्लांख्निझोमाई’, वर्तमानकाळ, प्रथमपुरुष. तिथे येशू स्वतःच्या तोंडाने बोलतो : मला या लोकांचा कळवळा येतो, तीन दिवस हे माझ्याजवळ आहेत आणि यांच्याजवळ खायला काही नाही. मार्क ९:२२ मधली विनवणी सोडली तर इतर ठिकाणी लेखक किंवा गोष्ट सांगणारा आपल्याला सांगतो की असं झालं. या दोन ठिकाणी ज्याला होतंय तोच सांगतो.

आता त्या ‘–स्थे’ आणि ‘–स्थेइस’कडे या. ही रूपं दिसायला कर्मणी आहेत. क्रिया कर्ता करतो आहे असं ती दाखवत नाहीत, क्रिया त्याच्यावर येऊन आदळते. इंग्रजीत हे सांगायला फार ओढाताण होते. मराठीत काहीच करावं लागत नाही. आपण ‘मी राग केला’पेक्षा ‘मला राग आला’ म्हणतो. ‘मला रडू आलं’, ‘मला भूक लागली’, ‘मला आठवण झाली’. भावना येते आणि माणूस चतुर्थीत उभा असतो, ती झेलत. ‘त्याला कळवळा आला’ हे भाषांतर म्हणूनच मला इतकं अचूक वाटतं. कोणीतरी ठरवून दया ‘केली’ असं त्यात नाही. पाहिलं, आणि आतून काहीतरी उसळून आलं.

एक सावधगिरी. ‘रूप कर्मणी आहे, म्हणजे देवाने त्याच्यात कळवळा घातला’ असा निष्कर्ष कोणी काढला तर तो मानू नका. ग्रीकमध्ये मनोविकाराच्या कितीतरी क्रियापदांची भूतकाळी रूपं अशीच होतात. रूपावरून एवढंच म्हणता येतं, की ही भावना आतून येणारी आहे.

चौथी पायरी : शब्दाचं पूर्वायुष्य

‘स्प्लांख्ना’ हे अनेकवचनी नाम. अर्थ, पोटातले आणि छातीतले अवयव : काळीज, फुप्फुसं, हृदय, मूत्रपिंडं. ग्रीक लोक देवाला पशू अर्पण करत तेव्हा हे अवयव आधी भाजत आणि यज्ञाला जमलेले लोक ते चाखत. मुख्य जेवण त्यानंतर. होमरच्या इलियडमध्ये पहिल्याच सर्गात याचं वर्णन आहे. यज्ञातले असे अवयव खाणं या अर्थाने आपल्या क्रियापदाचं कर्तरी रूप मक्काब्यांच्या दुसऱ्या ग्रंथात (६:८) सापडतं. वसई-गोव्याकडच्या कॅथलिक वाचकांच्या बायबलमध्ये हा ग्रंथ आहे, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नाही. तिथे यहुद्यांना परक्या दैवतांच्या यज्ञात जबरदस्तीने सामील करण्याचा प्रसंग आहे. दयेचा तिथे मागमूस नाही.

जुन्या ग्रीकमध्ये ‘स्प्लांख्ना’ भावनांची जागाही होती, पण ती जास्त करून रागासारख्या तीव्र भावनांची. तिथे करुणा येऊन बसली ती ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांच्या वापरात. त्यांच्या कानात हिब्रू होती. हिब्रूत करुणेला ‘रहमीम’ म्हणतात आणि गर्भाशयाला ‘रेहेम’. दोन्ही एकाच मुळाचे शब्द. शलमोनापुढे एका बाळासाठी दोन स्त्रिया भांडतात तो प्रसंग आठवा (१ राजे ३:२६). बाळाचे दोन तुकडे करा असं ऐकताच खऱ्या आईच्या आत जे पेटतं, त्याला हिब्रूत हाच शब्द आहे. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात त्या जागी सरळ ‘तिचं गर्भाशय ढवळून निघालं’ असं म्हटलं आहे. यिर्मया ३१:२० मध्ये तर देवच एफ्राइमविषयी, म्हणजे आपल्या इस्राएल लोकांविषयी, म्हणतो की माझी आतडी त्याच्यासाठी कळवळतात. पुढे शुभवर्तमानं सिरियाक या हिब्रूच्या नात्यातल्या भाषेत गेली तेव्हा ‘स्प्लांख्निझोमाई’साठी भाषांतरकारांनी याच ‘रहम’ धातूचं क्रियापद घेतलं. शब्द घरी परत आल्यासारखा.

आणि मराठी? आपल्याकडे आतडं तुटतं. पोटात कालवतं. आतडी पिळवटून निघतात. जवळच्या माणसाला आपण ‘आतड्याचं माणूस’ म्हणतो, मुलाला ‘पोटचा गोळा’. ‘काळजाला भिडलं’ म्हणताना आपल्या मनात हृदय असतं, पण मटणाच्या दुकानात काळीज मागितलं की यकृत मिळतं. आणि ‘कळवळा’ शब्दाकडेच पाहा. पोटात कळ आली की माणूस कळवळतो. शरीराच्या दुखण्याचा शब्द दुसऱ्याच्या दुःखासाठी वापरायचा, हे ग्रीकने केलं, हिब्रूने केलं आणि मराठीने आपल्या वाटेने केलं. माझी आई शेजारच्या घरातलं दुःख ऐकून जेवणाचं ताट बाजूला सारायची आणि म्हणायची, ‘पोटात तुटतंय रे.’ ग्रीक शब्द पहिल्यांदा समजला तेव्हा मला तिचं ते ताट आठवलं.

इथेही एक लगाम हवा. शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. पहिल्या शतकात हे क्रियापद ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दरवेळी आतडी येत नव्हती, जशी ‘पोटात तुटतं’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे येत नाहीत. तरी शब्दाचा शारीरिक अर्थ मेलेला नव्हता. प्रेषितांची कृत्ये १:१८ मध्ये यहूदाच्या मरणाच्या वर्णनात ‘स्प्लांख्ना’ म्हणजे अक्षरशः आतडी आहेत. मूळ अर्थ तळाशी जिवंत आहे आणि वरचा अर्थ त्यातून ऊब घेतो, एवढंच धरून चाला.

पाचवी पायरी : शेजारचे शब्द

एखादा शब्द कशासाठी निवडला हे कळायला, त्याच्या जागी कोणता येऊ शकला असता ते पाहावं लागतं. दयेसाठी सर्वांत रुळलेलं ग्रीक क्रियापद ‘एलेएओ’. उपासनेतलं ‘किरिये एलेइसोन’, म्हणजे ‘हे प्रभो, दया कर’, हे त्याचंच रूप. ‘ऑइक्तिरो’ म्हणजे कीव येणं. ‘सिम्पाथेओ’ म्हणजे दुसऱ्याबरोबर सोसणं. इब्री लोकांस पत्रात (४:१५) आपला प्रमुख याजक आपल्या दुर्बलतेत आपल्याबरोबर सोसणारा आहे, असं म्हटलं आहे ते यानेच.

यांतला फरक यरीहोच्या वाटेवर स्पष्ट दिसतो. मत्तय २० मध्ये दोन आंधळे ओरडतात, ‘आमच्यावर दया करा.’ त्यांच्या तोंडी ‘एलेएओ’ आहे. गर्दी दटावते, ते आणखी ओरडतात. येशू थांबतो, काय हवं ते विचारतो. मग मत्तय लिहितो, ‘स्प्लांख्निस्थेइस’, कळवळा येऊन त्याने त्यांच्या डोळ्यांना स्पर्श केला. मागितली होती दया, मिळाला कळवळा. दया वरून खाली करता येते. कळवळ्याला तेवढं अंतर राखता येत नाही.

नामाच्या अकरा जागाही एकदा पाहून घ्या. त्यांतल्या तीन एकट्या फिलेमोनाच्या पत्रात आहेत, जे सगळं मिळून २५ वचनांचं आहे. अनेसिम हा दास धन्याकडे परत चालला आहे आणि पौल त्याच्याविषयी लिहितो की तो माझी ‘स्प्लांख्ना’ आहे (वचन १२). मराठीत याला ‘तो माझं काळीज आहे’ म्हणावं की ‘माझ्या पोटचा गोळा’, यावर आमच्या गटात एक अख्खी संध्याकाळ गेली. दोन वचनं आधी पौलाने त्याला ‘तुरुंगात असताना मला झालेलं लेकरू’ म्हटलं आहे, म्हणून मला दुसरं जास्त पटतं.

सहावी पायरी : आधीचं आणि नंतरचं क्रियापद

एवढ्या सगळ्यांत वेळ कमी पडला तर बाकीच्या पायऱ्या धावत करा, पण ही नको. वहीतला तिसरा आणि चौथा रकाना आता शेजारी ठेवून वाचा.

तिसऱ्या रकान्यात बारापैकी सहा ठिकाणी एकच क्रियापद मिळेल : पाहिलं. लोकसमुदायाला पाहून (मत्तय ९). नावेतून उतरताना पाहून (मत्तय १४, मार्क ६). तिला पाहून (लूक ७). त्याला पाहून (लूक १०). तो दूर असतानाच बापाने पाहिलं (लूक १५). आणि चौथा रकाना जवळजवळ कधीच रिकामा नसतो. हात पुढे केला, स्पर्श केला, शिकवलं, जेवू घातलं, कर्ज सोडलं, धावत गेला. पाहणं, कळवळा, कृती. क्रियापद नेहमी या दोहोंच्या मध्ये उभं असतं. वाक्याचा शेवट त्याच्यावर होत नाही.

लूक १० मध्ये हे फार कौशल्याने घडवलं आहे. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर माणूस अर्धमेला पडलाय. याजक आला, पाहून पलीकडून गेला. लेवी, म्हणजे मंदिरातला सेवक, आला, पाहून पलीकडून गेला. शोमरोनी आला, पाहून... तिन्ही ठिकाणी ग्रीकमध्ये ‘इदोन’ हेच रूप आहे. तिघांनीही पाहिलं. याजकाला दिसलंच नाही, असं गोष्ट म्हणत नाही. पहिल्या दोघांच्या ‘पाहून’नंतर ‘पलीकडून गेला’ येतं, तिसऱ्याच्या ‘पाहून’नंतर ‘एस्प्लांख्निस्थे’. आणि मग क्रियापदांची रांगच लागते : जवळ गेला, तेल व द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत आणलं, काळजी घेतली, दोन दीनार काढून दिले, जास्त खर्च झाला तर परतताना देईन म्हणाला. या सगळ्यांच्या खाली पेन्सिलीने रेघ ओढा.

शेवटी येशू विचारतो, या तिघांपैकी शेजारी कोण ठरला? ‘माझा शेजारी कोण?’ असं ज्याने आधी विचारलं होतं तो शास्त्री उत्तर देतो, ‘ज्याने त्याच्यावर दया केली तो.’ इथे शब्द ‘एलेओस’, दया, आणि त्याच्याबरोबर ‘करणे’ हे साधं क्रियापद. आत ‘आलेला’ कळवळा बाहेर ‘केलेली’ दया होऊन दिसला. येशूचं पुढचं वाक्यही त्याच ‘करणे’ला धरून आहे : जा, आणि तूही तसंच कर. मला हे फार मोलाचं वाटतं. कळवळा आणून दाखव, असं तो कोणालाच सांगत नाही.

मत्तय १८ मधला दाखला नेमका उलट्या बाजूने हेच सांगतो. दासावर कर्ज आहे १०,००० तालांत. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार, आणि एक दीनार ही मजुराची दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी; वर्षाला ३०० दिवस धरले तर दोन लाख वर्षं. दास सवड मागतो. धन्याला कळवळा येतो आणि तो कर्जच सोडून देतो. बाहेर पडताच या दासाला शंभर दीनारांचा देणेकरी भेटतो, चार महिन्यांच्या मजुरीचा. त्याची विनवणी जवळजवळ शब्दाला शब्द तीच आहे. पण तिथे आपलं क्रियापद येत नाही. ‘त्याने ते मानलं नाही’ एवढंच. बारा जागांच्या अभ्यासात ही तेरावी, रिकामी जागा वहीत जरूर नोंदवा.

कृती दरवेळी आपल्या अपेक्षेतली नसते, हेही पाहा. मार्क ६ मध्ये शिष्य इतके दमलेत की जेवायलाही सवड मिळालेली नाही, म्हणून येशू त्यांना एकान्त ठिकाणी विसाव्याला नेतो. मत्तयाने तीच कथा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या वधाच्या बातमीनंतर लगेच ठेवली आहे. नाव काठाला लागते तर लोक आधीच तिथे हजर. अशा वेळी माणसाला वैताग येतो. त्याला कळवळा आला, कारण ते मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे होते. आणि मार्क म्हणतो, तो त्यांना पुष्कळ गोष्टी शिकवू लागला. भाकरी नंतर आल्या. मत्तय ९ मध्ये कळवळ्यानंतर येशू शिष्यांना सांगतो, पिकाच्या धन्याला कामकरी पाठवायची विनंती करा. आणि दहावा अध्याय उघडतो तो त्याच बारा जणांना पाठवण्याने.

आणि नाईन. लूक ७. गालीलातलं लहानसं गाव, वेशीतून प्रेतयात्रा बाहेर पडते आहे. मेलेला आईचा एकुलता एक मुलगा, आई विधवा. इथे कोणी काही मागत नाही. विश्वासाचा प्रश्न कोणी काढत नाही. ती बाई त्याच्याकडे पाहतेय असंही लूक लिहीत नाही. ‘तिला पाहून प्रभूला तिचा कळवळा आला.’ तिचा. मुलाचा नव्हे. पुढे मुलगा उठतो, बोलू लागतो, आणि लूक लगेच लिहितो की येशूने त्याला त्याच्या आईला दिलं. चमत्कार मुलावर झाला, पण वाक्य आईपासून सुरू होऊन आईपाशी येऊन थांबतं.

सातवी पायरी : हस्तलिखितांत फरक आहे का?

बहुतेक ठिकाणी नाही. मार्क १:४१ मध्ये मात्र आहे आणि तो लपवून ठेवण्याचं कारण नाही. कुष्ठरोगी गुडघे टेकून विनंती करतो. चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन्ही मोठ्या हस्तलिखितांत, आणि जवळजवळ सगळ्या ग्रीक प्रतींत, ‘कळवळा येऊन’ असं आहे. पण बेझा हस्तलिखितात, जे १५८१ पासून केंब्रिज विद्यापीठाकडे आहे, आणि काही जुन्या लॅटिन प्रतींत ‘रागावून’ असं आहे. काही अभ्यासक म्हणतात की ‘रागावून’ हेच मूळ असावं, कारण नकलणारा रागाचा कळवळा करेल, कळवळ्याचा राग कशाला करेल? मला साक्षींचं वजन ‘कळवळा’च्या बाजूने वाटतं. तरी दोन्ही पाठ, म्हणजे हस्तलिखितांतले दोन्ही शब्द, घेऊन ते वचन वाचून पाहा. ज्या रोगाने माणसाला गावाबाहेर बसवलं त्याच्यावर राग आणि त्या माणसाविषयी कळवळा हे एकाच आतड्यातून येऊ शकतात. दोन्ही पाठांत पुढचं वाक्य बदलत नाही : त्याने हात पुढे करून त्याला स्पर्श केला.

आठवी पायरी : भाषांतर स्वतः करून पाहा

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणलं, अडाणी बाईलाही कळावं म्हणून. आपल्याला एकच वचन करायचं आहे. लूक १५:२० घ्या. भाषांतर न पाहता, घरात बोलता त्या मराठीत ते लिहा. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, वसईची सामवेदी, जी बोली असेल ती. बापाला काय झालं यासाठी तुमच्या आजीने कोणता शब्द वापरला असता? आमच्या गटात ‘आतडं हाललं’, ‘जीव गलबलला’, ‘पोटात खड्डा पडला’ अशी उत्तरं आली. शेवटचं मी नाकारलं, कारण त्यात भीती आहे. बाकीची दोन्ही अजून वहीत आहेत.

नववी पायरी : ते प्रार्थनेत आणा

आठवडाभर रोज एक जागा घ्या, दोनदा सावकाश वाचा आणि चारही रकाने स्वतःच्या दिवसाला लावा. आज मी कोणाला पाहिलं? पाहून पलीकडून गेलो का? आत काही हललं का? त्यानंतर माझं पहिलं क्रियापद कोणतं होतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर ते तसंच लिहा, खोडू नका. आत काही हललंच नसेल तर भावना ओढूनताणून आणायला जाऊ नका. परत जाऊन नीट पाहा. १ योहान ३:१७ मध्ये भावाची गरज पाहूनही जो आपली ‘स्प्लांख्ना’ बंद करतो त्याच्याविषयी लिहिलं आहे. तिथेही आधी ‘पाहून’ आहेच.

सातव्या दिवशी मार्क ९:२२ घ्या. हे क्रियापद प्रार्थनेत येतं ते या एकाच ठिकाणी. मुलाला लहानपणापासून झटके येतात, कधी तो विस्तवात पडतो, कधी पाण्यात. शिष्यांना काही करता आलेलं नाही. दमलेला बाप येशूला म्हणतो, तुम्हाला काही करता येत असेल तर कळवळा येऊन आम्हाला मदत करा. ‘स्प्लांख्निस्थेइस एफ् हेमास’, आमचा कळवळा येऊन. दुखणं मुलाचं आहे, पण बाप ‘याला’ म्हणत नाही, ‘आम्हाला’ म्हणतो. ज्या माणसासाठी तुम्ही प्रार्थना करता आहात त्याचं नाव वहीत लिहा, आणि मग हे वाक्य त्या बापासारखंच, ‘आम्हाला’ म्हणून मोठ्याने वाचा.